वन्यजीव छायाचित्रणासाठी टेलिफोटो लेन्स कशी निवडावी

एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी ताडोब्यात पाणवठ्यात बसलेली वाघीण उठली आणि कच्च्या रस्त्याने सरळ आमच्या जिप्सीच्या दिशेने चालू लागली. माझा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा होता आणि त्याला भाड्याने आणलेली ६०० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स लावलेली होती. वाघीण पन्नास मीटरवर असताना चित्र सुरेख बसत होते, वीस मीटरवर तिचे पंजे चौकटीबाहेर गेले आणि आठ मीटरवर ती थबकून आमच्याकडे पाहू लागली तेव्हा माझ्या चौकटीत केवळ तिचा चेहरा उरला होता, तोही कान कापलेला. शेजारच्या जिप्सीतल्या एका मुलीने तिची १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स मागे ओढून संपूर्ण वाघीण, तिच्या अंगावरून निथळणारे पाणी आणि मागचा बांबू असे सारे एका चित्रात घेतले. तिच्या लेन्सची किंमत माझ्या लेन्सच्या जवळपास दहावा हिस्सा असेल. तेव्हापासून कोणी लेन्सविषयी सल्ला विचारला, की मी आधी त्यांनाच विचारतो, की तुम्ही कोणता प्राणी किंवा पक्षी, कुठे बसून आणि किती अंतरावरून टिपणार आहात.

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरची मिलिमीटरमधील रुंदी घ्यावी, तिला लेन्सच्या फोकल लेंथने, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने भागावे आणि आलेल्या संख्येला प्राण्यापर्यंतच्या मीटरमधील अंतराने गुणावे. जे उत्तर येईल, तेवढे मीटर रुंदीचे दृश्य आपल्या चौकटीत मावेल. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते, बहुतेक क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरांची सुमारे २३.५, कॅननच्या क्रॉप सेन्सरची थोडी कमी, आणि आणखी लहान अशा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरची सुमारे १७.३. उदाहरणार्थ, फुल फ्रेमवर ४०० मिलिमीटरची लेन्स लावून तीस मीटरवर पाहिले, तर २.७ मीटर रुंदीचे दृश्य दिसते, म्हणजे आडवा उभा असलेला वाघ शेपटीच्या बऱ्याचशा भागासह मावतो. त्याच कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरने दहा मीटरवरचा छोटा खंड्या टिपायचा झाला, तर चौकट ६० सेंटीमीटर रुंद असेल आणि सोळा सेंटीमीटरचा तो पक्षी तिचा जेमतेम पाव भाग व्यापेल. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की वाघासाठी पुरेशी असलेली लेन्स पक्ष्यांसाठी तोकडी का पडते, ते कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

क्रॉप सेन्सरमुळे लेन्स 'दीडपट लांब होते' असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात लेन्स तीच राहते, सेन्सर लहान असल्यामुळे तिने उभ्या केलेल्या प्रतिमेचा मधला भाग तेवढा घेतला जातो. त्या लहान सेन्सरवर पिक्सेल अधिक दाटीने बसवलेले असतील, तर दूरच्या पक्ष्याच्या पिसांचा तपशील खरोखर जास्त मिळतो. त्यामुळे मर्यादित खर्चात पक्षी टिपू पाहणाऱ्याने क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याला कमी लेखू नये. मंद उजेडात मात्र मोठा सेन्सर अधिक स्वच्छ चित्र देतो, आणि आपल्याकडच्या जंगलांत मंद उजेडाशी गाठ रोजचीच असते.

आता ठिकाणांकडे वळू. ताडोबा, पेंच किंवा नागझिऱ्यात आपण जिप्सीत बसलेले असतो, वाहन रस्ता सोडून जाऊ शकत नाही आणि प्राणी पाच मीटरवर येईल की शंभर मीटरवर थांबेल हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असते. अशा ठिकाणी झूम लेन्सला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १००-४०० किंवा १००-५०० मिलिमीटरचा पल्ला तिथे सर्वाधिक उपयोगी पडतो, कारण त्याने प्राण्यासोबत त्याचे जंगलही दाखवता येते. रेहेकुरीच्या काळविटांचा किंवा पुणे जिल्ह्यातल्या गवताळ माळांवरच्या लांडग्यांचा प्रकार निराळा आहे. तिथे आडोसा नसतो, प्राणी दुरूनच सावध होतात आणि ६०० मिलिमीटरही पुरे वाटत नाहीत. मात्र उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर त्याच माळावर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि मग कितीही महागडी लेन्स लावली तरी शंभर मीटरवरच्या काळविटाच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. हा दोष लेन्सचा समजून ती दुरुस्तीला टाकणारे लोक मी पाहिले आहेत. उपाय एकच, तो म्हणजे लवकर जाणे आणि अंतर कमी असेल तेव्हाच टिपणे.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर होडीतून फिरताना आपण पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ असतो, ही छायाचित्रणासाठी फार मोलाची गोष्ट आहे. रोहित पक्ष्यांचा थवा टिपायला तिथे २०० ते ३०० मिलिमीटर पुरतात. पट्टकादंबाचे एकट्याचे चित्र हवे असेल किंवा माशासह उडालेला शिकारी पक्षी टिपायचा असेल, तर ५०० ते ६०० मिलिमीटर लागतात. होडी सतत डुलत असल्यामुळे ट्रायपॉडचा तिथे काहीच उपयोग होत नाही, म्हणून हातात धरून तास-दीड तास पेलवेल एवढ्याच वजनाची लेन्स न्यावी. सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात, म्हणजे भीमाशंकरला शेकरू शोधताना किंवा कोयनेच्या परिसरात, प्राणी तुलनेने जवळ असतो, पण झाडांच्या छत्राखाली भर दुपारीसुद्धा उजेड इतका कमी असतो, की तिथे फोकल लेंथपेक्षा अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधली प्रकाश आत येण्याची वाट किती मोठी आहे, ते महत्त्वाचे ठरते.

अ‍ॅपर्चरचा हिशेबही एकदा नीट समजून घ्यावा, कारण लेन्सची किंमत आणि वजन या दोन्ही गोष्टी त्याच्यावर ठरतात. फोकल लेंथला एफ-क्रमांकाने, म्हणजे एफ/४ मधल्या ४ सारख्या आकड्याने भागले, की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ६०० मिलिमीटर एफ/४ साठी तो १५० मिलिमीटर येतो आणि एफ/६.३ साठी सुमारे ९५ मिलिमीटर. पुढची काच निदान तेवढी मोठी असावीच लागते, आणि म्हणून ६०० एफ/४ लेन्स तीन किलोच्या आसपास वजनाची आणि दहा लाख रुपयांच्या पलीकडची असते, तर ६०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या एफ/६.३ च्या झूम लेन्स सुमारे दोन किलोत बसतात. या जादा पैशांतून काय मिळते? एफ/४ वर एफ/६.३ च्या सुमारे अडीचपट प्रकाश आत येतो. पहाटेच्या फेरीत एफ/४ ला एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या शटर स्पीडसाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, १६०० लागत असेल, तर एफ/६.३ ला त्याच शटर स्पीडसाठी सुमारे ४००० लागेल. दहा वर्षांपूर्वी हा फरक चित्र वापरण्याजोगे आहे की टाकाऊ हे ठरवणारा होता. आजच्या सेन्सरांवर आणि नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे आयएसओ ४००० चे चित्र बहुतेकांना पूर्ण समाधान देते. पार्श्वभूमी मऊ होणे हा मोठ्या अ‍ॅपर्चरचा दुसरा लाभ खरा आहे, पण त्यासोबत एक अडचणही येते. ६०० मिलिमीटर एफ/४ ने वीस मीटरवरचा प्राणी टिपताना सुस्पष्टतेची खोली जेमतेम २५ ते ३० सेंटीमीटर असते, आणि दोन बछड्यांपैकी एकच स्पष्ट येतो.

म्हणून पहिली गंभीर लेन्स घेणाऱ्याला मी मध्यम वर्गातल्या झूम लेन्सकडेच वळवतो. सोनीची २००-६०० एफ/५.६-६.३ आणि निकॉनची झेड १८०-६०० एफ/५.६-६.३ या दोन्ही लेन्स झूम करताना लांब होत नाहीत, त्यामुळे त्यांचा तोल बदलत नाही आणि ताडोब्याची लाल धूळ आत खेचली जाण्याचा धोकाही कमी राहतो. कॅननची आरएफ १००-५०० एफ/४.५-७.१ दीड किलोपेक्षा हलकी आहे आणि एका मीटरच्या आसपासही फोकस होत असल्यामुळे फुलपाखरे, बेडूक, सरडे यांच्यासाठी फार सोयीची आहे. तिच्यासोबत १.४ पटीचा एक्स्टेंडर, म्हणजे फोकल लेंथ वाढवणारा जोड, घ्यायचा विचार असेल, तर तो लावल्यावर लेन्स ३०० मिलिमीटरच्या मागे आणता येत नाही, हे आधी माहीत असावे. ज्यांच्याकडे जुने डीएसएलआर आहेत, त्यांच्यासाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५०-६०० किंवा निकॉनची २००-५०० एफ/५.६ या लेन्स सेकंडहँड बाजारात सहज मिळतात आणि त्यांनी आजही उत्तम काम होते. बजेट अगदी कमी असेल, तर कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ केवळ ६३५ ग्रॅमची आहे. चांगल्या उन्हात ती निराश करत नाही, संध्याकाळी मात्र तिची मर्यादा लगेच जाणवते.

असा जोड, म्हणजेच टेलिकन्व्हर्टर, हा स्वस्त उपाय वाटतो, पण १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, आणि २ पटीचा दोन स्टॉप, म्हणजे पाऊण भाग प्रकाश खातो. एफ/६.३ च्या लेन्सला २ पटीचा कन्व्हर्टर लावला, की ती जवळपास एफ/१३ ची होते, ऑटोफोकस अडखळू लागतो आणि तपशील गळतो. एफ/२.८ किंवा एफ/४ च्या प्राइम लेन्ससाठी कन्व्हर्टर जरूर घ्यावा, या झूम लेन्ससाठी मात्र ते पैसे आणखी एका सफारीवर खर्च करावेत.

लेन्सवर लिहिलेले स्टॅबिलायझेशनचे आकडे पाहून भुलू नये. ही यंत्रणा आपल्या हाताचा कंप भरून काढते, पण धावणारे हरीण किंवा पंख मारणारा पक्षी यांना ती गोठवू शकत नाही. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो तो लागतोच. जिप्सीत लेन्स टेकवायला बीनबॅगइतके, म्हणजे धान्य भरलेल्या पिशवीइतके, चांगले साधन दुसरे नाही. रिकामी पिशवी घरून न्यावी आणि मुक्कामाच्या गावात मूग किंवा तांदूळ घेऊन भरावी. ती कांबीवर ठेवून लेन्स तिच्यात रुतवली, की दोन किलोचे वजन जाणवतही नाही. चालकाला गाडी बंद करायला सांगावे आणि सोबत्यांना दोन क्षण न हलण्याची विनंती करावी, कारण पाच माणसांच्या जिप्सीत एकाने कूस बदलली तरी सगळ्यांची चित्रे हलतात.

एवढा विचार झाल्यावरही खरेदीची घाई करू नये. आपल्या जुन्या चित्रांची माहिती संगणकावर उघडून बहुतेक चित्रे कोणत्या फोकल लेंथला काढलेली आहेत आणि किती चित्रे नंतर कापून लहान करावी लागली, ते मोजावे. मग निवडलेली लेन्स दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घ्यावी, मुंबई-पुण्यात ही सोय सहज उपलब्ध आहे. ती घेऊन एखाद्या तळ्याकाठी सलग दोन तास उभे राहावे. मनगट आणि खांदा जे सांगतील, ते कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळत नाही.

सेकंडहँड लेन्स घेताना आपल्या हवेत सर्वांत मोठा शत्रू बुरशी हा आहे, विशेषतः लेन्स मुंबईत किंवा कोकणात दोन-चार पावसाळे कपाटात पडून राहिलेली असेल तर. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरून समोरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर किंमत कितीही कमी असली तरी ती लेन्स घेऊ नये. धुळीचे चार कण दिसले तर काळजीचे कारण नाही. झूमची कडी पूर्ण फिरवून कुठे खरखर लागते का ते पाहावे, जवळच्या आणि दूरच्या वस्तूवर आलटून पालटून फोकस करावा, आणि ट्रायपॉडची कडी घट्ट बसते का ते तपासावे. नवी लेन्स घेतली तर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर तोच अनुक्रमांक आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. घरी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसह किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी.

नव्या लेन्सची पहिली ओळख जंगलात करून घेऊ नये. निदान दोन आठवडे रोज सकाळी घराजवळच्या साळुंक्या, बगळे आणि घारी टिपाव्यात. घार डोक्यावरून सरकताना ६०० मिलिमीटरच्या अरुंद चौकटीत ती सापडतच नाही, हे पहिल्याच दिवशी कळते. मग आधी झूम मागे ओढून पक्षी धरायचा, फोकस लागला की पुढे जायचे, ही सवय बोटांना लागते. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता झूमची कडी कोणत्या दिशेला फिरवायची हे हाताला आपोआप कळू लागले, की ताडोब्याचे बुकिंग करावे.