लुकलुकणाऱ्या एलईडीचा चष्मा: आधी बटण, मग बाकीचं

डोळे मिटून बसायचं, पापण्यांवर ठरावीक लयीत उजेड पडत राहतो आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या लहरी त्या लयीला साथ देऊ लागतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ सालीच हे ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखावर, दाखवलं. लहरी जुळतात हे पक्कं. पण त्याने आजार बरे होतात, स्मरणशक्ती वाढते, याची हमी मी कुणालाही देत नाही. मला मिळते ती दहा मिनिटांची शांत बैठक आणि मिटल्या डोळ्यांपुढे उमटणारी जाळीदार नक्षी. तेवढ्यासाठीही हा चष्मा बनवावा असं मला मनापासून वाटतं.

मालवणात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या काकींनी चष्मा बघितल्या बघितल्या विचारलं, "डोळ्यांक काय होवचा नाय मा?" प्रश्न योग्यच होता, फक्त धोका डोळ्यांपेक्षा मेंदूला जास्त. लुकलुकत्या उजेडाने काही जणांना फिट येते, आणि आपण त्यातले आहोत हे पुष्कळदा आधी माहीतच नसतं. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा पडदा सेकंदाला साधारण १२ वेळा लुकलुकला आणि सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणून स्वतःला किंवा घरात कुणाला फिट येत असेल, अर्धशिशी असेल, तर हा चष्मा नकोच. मुलांनाही नको.

सामान थोडंच: अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), ५ एमएमचे दोन पिवळे डिफ्यूज (उजेड पसरवणारे, धूसर काचेचे) एलईडी, १ किलोओहमचे दोन रेझिस्टर, तीन पेन्सिल सेलचा होल्डर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो बाजूने झाकलेला प्लॅस्टिकचा गॉगल, आणि दारावरच्या बेलचं बटण. लाल एलईडी घेऊ नका, लाल लुकलुकीने फिटचा धोका जास्त असतो. तीन सेलचे ४.५ व्होल्ट सरळ नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनवर द्या. पॉवर बँक लावायला जाल तर इतका कमी करंट बघून ती बऱ्याचदा आपोआप बंद पडते. आणि चार्जर लावून हा चष्मा डोक्यावर चढवायचाच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी येते-जाते ते सांगायला नको.

९ आणि १० नंबरच्या पिनमधून एकेक रेझिस्टर, पुढे एलईडीचा लांब पाय. दोन्ही आखूड पाय एकत्र करून ती वायर बेलच्या बटणातून नॅनोच्या ग्राउंडच्या (GND) पिनला. म्हणजे बटण दाबून धरलं तरच उजेड, हात सैल पडला की अंधार. झोप लागली तरी चष्मा आपोआप विझतो. पण एवढ्यावरच विसंबू नका, फिट आली तर मूठ उलट आवळलीही जाते. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी जागं माणूस बसलेलं हवंच. काही विचित्र वाटलं, हातपाय झटके देऊ लागले, तर गॉगल ओढून काढायचा आणि एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवायचा.

रेझिस्टरमुळे एलईडीला जेमतेम अडीच मिलिअँपिअर मिळतात. कमी वाटेल, पण मिटल्या पापणीवर तेवढा उजेड भरपूर होतो. गॉगलच्या काचेला प्रत्येक डोळ्यासमोर छिद्र पाडून एलईडी बसवा, टोक पापणीला टेकता कामा नये. बाहेरून काळी टेप.

प्रोग्राम चार ओळींचा. ५० मिलिसेकंद चालू, ५० बंद, म्हणजे सेकंदाला १० वेळा. दर २५ सेकंदांनी दोन्ही आकडे एकेकाने वाढवत ६२ पर्यंत न्या. पाच मिनिटांत लय सेकंदाला ८ वर उतरते. आणखी पाच मिनिटं तिथेच ठेवून दोन्ही पिन कायमच्या बंद. ५० च्या खाली आकडा घालायचा नाही. सेकंदाला १५ ते २५ हा पट्टा फिटसाठी सगळ्यात वाईट, आणि ८ ते १० मध्येही धोका शून्य नाही. ५५५ आयसीवर, म्हणजे नॉबने लय ठरवायच्या साध्या टायमर चिपवर, हे स्वस्तात होतं, पण तिथे नॉब जरा जास्त फिरला की थेट त्या पट्ट्यात. म्हणून मी कुणालाही ५५५ वापरू देत नाही.

राहिली खारी हवा. इथे उघड्या सोल्डरवर हिरवट थर चढायला एक पावसाळा पुरतो. सोल्डरिंग झालं की उरलेला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सांध्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या, बटणाच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांना मात्र पॉलिश लावू नका. वापर नसेल तेव्हा सेल काढून चष्मा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा.