पाणी उतरलं की तरंगता धक्का का फसतो आणि तो नीट कसा करायचा

तरंगता धक्का, म्हणजे होड्या लावायचा पाण्यावर तरंगणारा फलाट, ज्या दिवशी बसवतात त्या दिवशी तो बहुतेक वेळा व्यवस्थितच दिसतो. पाणसळीचा बुडबुडा मधोमध, जोडपूल सपाट, साखळ्या नीट ताणलेल्या. खोट दिसते ती कालव्याचं पाणी दीड मीटर उतरल्यावर, नाहीतर काठोकाठ चढल्यावर. कारण सारी मापं त्या एका दिवसाच्या पातळीवरून घेतलेली असतात. म्हणून नवा धक्का बसवायचा असो किंवा बिघडलेला सुधारायचा असो, आधी दोन आकडे कागदावर हवेत: सर्वांत खालची पातळी आणि सर्वांत वरची.

दोन टोकं कशी शोधायची

काठाच्या भिंतीवरचा शेवाळाचा पट्टा नेहमीची चढउतार सांगतो, टोकं सांगत नाही. दुरुस्तीसाठी कालवा उतरवला होता तेव्हाची पातळी आणि अतिवृष्टीत चढली ती पातळी कालवा सांभाळणाऱ्यांच्या नोंदवहीतून घ्या. जवळ लॉक, म्हणजे होड्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी दारांची पाण्याची कोठी, असेल तर त्याचाही हिशेब करा. ४० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उचल असलेला लॉक एकदा भरायला ७२० घनमीटर पाणी लागतं. वरचा कालव्याचा टप्पा ५०० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असेल, तर एका भरण्यात तिथली पातळी जवळपास १० सेंमी उतरते, तीही काही मिनिटांत. बाहेरून तेवढं पाणी येईपर्यंत ती तशीच राहते, आणि लागोपाठ तीन होड्या चढल्या तर उतार साचत जातो.

मग खूण केलेली काठी घेऊन धक्क्याच्या जागेखालचा तळ दर ५० सेंमीवर मोजा. सर्वांत खालच्या पातळीला तरंड्यांच्या (धक्क्याला तरंगवणाऱ्या खालच्या डब्यांच्या) बुडाखाली किमान ३० सेंमी पाणी राहायला हवं. काठाकडच्या बाजूला भरावाचे दगड पुढे आलेले असतात आणि धक्का नेमका तिथेच एका कडेवर टेकतो. गाळात टेकला तर आणखी वाईट: गाळ तरंड्याला चिकटतो, पाणी चढलं तरी धक्का खालीच धरलेला राहतो आणि मग अचानक सुटून उसळतो. जागा बदलता येत नसेल तर खाली समान उंचीचे पाय लावा आणि त्यांच्याखाली सपाट फरशी टाका, म्हणजे टेकला तरी सपाट टेकेल. गाळ साचतच राहतो, त्यामुळे हे मोजमाप दर वर्षी पुन्हा घ्यावं लागतं.

जोडपूल: सर्वांत जास्त चुका इथेच

काठ आणि धक्का जोडणारा पूल दोन्ही टोकांना बोल्टने घट्ट आवळणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. ६ मीटरचा पूल सपाट असताना त्याची आडवी लांबी ६ मीटर असते. धक्का दीड मीटर खाली गेला की ती ५.८१ मीटर होते. हे १९ सेंमी कुठेतरी जायलाच हवेत. वाट नसेल तर काठाच्या काँक्रीटमधले बोल्ट उपटतात किंवा धक्का काठाकडे ओढला जाऊन त्याला जागेवर धरणाऱ्या खांबांवर दाबला जातो. काठाच्या टोकाला बिजागरी आणि धक्क्याच्या टोकाला चाकं, हीच योग्य जोडणी. चाकांखाली जाड पट्टीची धाव द्या. वरच्या उदाहरणात ती १९ सेंमी अधिक दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमी, म्हणजे सुमारे ५० सेंमी हवी, कडेला चाक घसरू नये म्हणून उभी पट्टी आणि शेवटी अडसर. पुलाच्या पायथ्याशी बिजागरीची झडप ठेवा, नाहीतर तिथल्या फटीत पाऊल अडकतं. बिजागरीच्या खिळ्याला दुभंगी पिन हवीच. नुसता नट लाटांच्या हादऱ्यांनी सुटतो.

दीड मीटरच्या उताराला ६ मीटरचा पूल म्हणजे साधारण १:४ चढ. पायी चालणाऱ्याला तो जेमतेम जमतो, तोही दर ३० ते ४० सेंमीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या तर. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ धरला तर लांबी १८ मीटरवर जाते. एवढी जागा नसेल तर बिजागरी पातळीच्या मधल्या उंचीवर आणता येते का ते पाहा. मग अर्धी उंची वर चढायची आणि अर्धी खाली उतरायची राहते.

आता वजन. पुलाचं अर्धं वजन धक्क्यावर येतं, आणि तेही बहुधा काठाकडच्या कडेवर. अडीच मीटर रुंद धक्का घ्या, ज्याच्या तरंड्यांनी पाण्याचा ९ चौरस मीटर पृष्ठभाग व्यापला आहे. तो दर ९० किलोला १ सेंमी बुडतो. पूल ४०० किलोचा असेल तर २०० किलो धक्क्यावर, म्हणजे सरासरी सव्वादोन सेंमी. पण कडेवर ठेवलेला भार ती कड सुमारे चौपट, म्हणजे ९ सेंमी खाली नेतो आणि समोरची कड साडेचार सेंमी वर उचलतो. धक्का काठाकडे झुकलाय अशी तक्रार आली की मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. त्यावर दुसऱ्या बाजूला दगड ठेवणं हा उपाय नव्हे, त्याने नुसती तरंगण्याची ताकद वाया जाते. चाकांची धाव धक्क्याच्या मध्यरेषेवर आणा. ते शक्य नसेल तर नेमक्या टेकण्याच्या जागेखाली जादा तरंडे द्या. २०० लिटरचा बंद प्लास्टिक पिंप पूर्ण बुडाला तर साधारण १९० किलो उचलतो, पण हिशेबात त्याचा निम्माच धरा.

खांब आणि कड्या

लाकडी खण एका बाजूने ओढला की तिरपा होऊन अडतो. धक्क्याला जोडलेली, खांबावरून वर-खाली सरकणारी कडी तशीच अडते. दोन खांब एकमेकांपासून एका अंशाने जरी फाकले, तरी ३ मीटर उंचीत त्यांच्यातलं अंतर ५ सेंमीहून जास्त बदलतं. कडीत सर्व बाजूंनी २० मिमी मोकळीक असेल, तर एवढा फरक तिच्यात मावत नाही. मग एका टोकाला धक्का खांबाला लटकतो आणि दुसरं टोक पाण्याबरोबर खाली जातं. तपासणी सोपी आहे: दोन्ही खांबांना चारी बाजूंनी ओळंबा लावा, आणि त्यांच्यातलं अंतर माथ्याशी व सर्वांत खालच्या पातळीशी मोजा. फरक १५ मिमीहून जास्त निघाला तर कड्या घासून मोठ्या करू नका, कारण मग धक्का लाटेत खांबावर आदळतो. खांब सरळ करा, किंवा एका खांबाची कडी लांबट, धक्क्याच्या लांबीच्या दिशेने सरकणारी करा. नुसत्या लोखंडी कडीऐवजी जाड प्लास्टिकची चाकं लावलेली कडी गंजातही फिरत राहते.

खांबाचा माथा सर्वांत वरच्या पातळीला कडी जिथे पोहोचेल त्याच्याही किमान ६० सेंमी वर हवा. तो कमी असला तर पुरात धक्का खांबांवरून उचलला जाऊन वाहून जातो. माथ्यावर टोपी ठोकून कडी अडवण्याचा विचारही करू नका. मग पाणी धक्क्यावरून वाहू लागतं.

चढउतार अर्ध्या-पाऊण मीटरची असेल तर खांबांशिवायही भागतं. काठाशी बिजागरीने जोडलेले ३ मीटरचे दोन समांतर दांडे पुरतात. सपाट स्थितीपासून ७५ सेंमी वर-खाली झालं तर धक्का काठाकडे जेमतेम १० सेंमी सरकतो. नुसत्या साखळ्यांवर धक्का सोडणं मात्र टाळा. खालच्या पातळीला मापलेली साखळी पाणी चढल्यावर कड खाली ओढते, वरच्या पातळीला मापलेली साखळी पाणी उतरलं की सैल पडते आणि धक्का भरकटतो.

हाती घेतल्यावर

उघडा थर्माकोल पाणी पितो आणि त्याचे कण सुटत राहतात, तरंडे कवचातलेच घ्या. पाण्याचे नळ आणि वीजवाहिन्या पूर्ण उतारासाठी लागेल तेवढ्या सैल ठेवा. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टेनलेस बोल्ट असतील तर मध्ये नायलॉनचे वॉशर आणि बुशिंग घाला, नाहीतर भोकाभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वरच्या प्रवाहाकडून जलपर्णी आणि फांद्या येत असतील तर तिरका ओंडका आडवा टाका. कडीत अडकलेली एक फांदी अख्खा धक्का वाकडा करू शकते.

काम संपल्यावर धक्क्याच्या चारी कोपऱ्यांवर पाण्याच्या रेषेशी रंगाने खूण करा. पाणी पहिल्यांदा खाली जाईल तेव्हा आणि पहिल्यांदा चढेल तेव्हा जाऊन चारी खुणा पाहा. एखादा कोपरा इतरांपेक्षा ३ सेंमीहून जास्त वर किंवा खाली असेल तर त्या कोपऱ्याची कडी, त्याच्याखालचा तळ आणि पुलाचं टेकणं, या क्रमाने शोधा. तिन्ही नीट असूनही तो खालीच असेल तर त्याच्याखालचा तरंडा उघडून आत पाणी शिरलंय का ते पाहा.