मेमरी कार्ड कोणत्या फॉरमॅटमध्ये करायचं? आधी ते कुठे कुठे घालणार ते सांगा

नवीन कार्ड आणलं, रीडरमध्ये घातलं, राइट क्लिक करून फॉरमॅट दाबलं की एक छोटी खिडकी उघडते आणि त्यात फाइल सिस्टम (म्हणजे कार्डावर फाइली मांडून ठेवायची पद्धत) नावाच्या रकान्यात फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस अशी नावं येतात. बहुतेक लोक तिथे जे आधीपासून निवडलेलं असतं तेच ठेवून स्टार्ट दाबतात आणि बऱ्याचदा ते चालूनही जातं. पण अडतं तेव्हा नेमकं नको त्या वेळी अडतं, म्हणजे वरात दारात आलीय आणि कार्ड साउंडवाल्याच्या मशीनमध्ये उघडतच नाही असं.

कार्डाची कंपनी कोणती, स्पीड किती, हे सगळं नंतर. फॉरमॅट ठरवताना एवढंच बघायचं की हे कार्ड ज्या ज्या वस्तूत जाणार आहे त्यातली सगळ्यात अडाणी वस्तू कोणती. तिला जे वाचता येतं तोच तुमचा फॉरमॅट. लॅपटॉपला ही तिन्ही वाचता येतात, त्याला विचारून काही उपयोग नाही.

आता फॅट३२ घ्या. जुना आहे, १९९६ पासून आहे, आणि जुना असल्यामुळेच जगातल्या जवळपास प्रत्येक डब्याला तो समजतो. निफाड-पिंपळगावकडे बागेत फवारणीला निघालेल्या ट्रॅक्टरवर जो स्वस्तातला एमपीथ्री प्लेयर बसवलेला असतो ना, त्यात तुम्ही एक्सफॅट केलेलं ६४ जीबीचं कार्ड घातलं तर तो पठ्ठ्या दोन सेकंद लुकलुकतो, मग एरर दाखवतो नाहीतर सरळ रेडिओवर जातो, आणि माणसाला वाटतं कार्डच खराब निघालं, लगेच दुकानदाराशी भांडायला एमजी रोडवर हजर. कार्ड ठणठणीत असतं हो. भजनी मंडळाचा कार्ड टाकायचा स्पीकर, जुन्या गाडीतली सिस्टम, ट्रॅक्टर, या सगळ्यांसाठी डोळे झाकून फॅट३२. आणि गाण्यांसाठी ३२ जीबीचं कार्ड भरपूर झालं, मोठं घेऊन उगाच डोक्याला ताप.

मोठं का नको, तर विंडोजच्या त्या खिडकीत ३२ जीबीच्या वरचं कार्ड असलं की साधारणपणे फॅट३२ चा पर्याय दिसतच नाही. ही मर्यादा त्या खिडकीची आहे, फॅट३२ ची नाही, फॅट३२ स्वतः २ टीबीपर्यंत जातो. त्यामुळे ६४ जीबीचं कार्ड हातात आहे आणि तेच जुन्या डब्यात चालवायचंय तर रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात वर बूट सिलेक्शनमध्ये नॉन बूटेबल निवडायचं, खाली लार्ज फॅट३२ निवडायचं, झालं काम. फक्त वर डिव्हाइसच्या रकान्यात आपलंच कार्ड आहे ना ते दोनदा बघा, शेजारी लावलेली फोटोंची हार्ड डिस्क निवडली गेली तर मग राम राम.

फॅट३२ ची खरी अडचण वेगळीच. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. कार्ड रिकामं असलं तरी नाही. पाच-सहा जीबीचा लग्नाचा व्हिडिओ कॉपी करायला गेलात की विंडोज म्हणतं फाइल इज टू लार्ज, आणि लोक बिचारे बाकीची गाणी डिलीट करून जागा करत बसतात, जागेचा काही संबंधच नसतो.

कॅमेऱ्यात हे कसं दिसतं ते बघा. ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसवर घेताय, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट धरून साडेबारा एमबी, तर ४ जीबी साधारण पावणेसहा मिनिटांत भरतात. २०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटावर ट्रायपॉड लावून तासभर एकच शॉट चालू ठेवायचा विचार असेल, तर फॅट३२ च्या कार्डावर त्याचे दहा-अकरा तुकडे होणार. बहुतेक कॅमेरे तुकडे आपोआप करतात, शूटिंग थांबत नाही, पण एडिटिंगला बसल्यावर ते सगळे ओळीने जोडत बसा, आणि काही कॅमेऱ्यांत जोडावर एखाद-दुसरी फ्रेम गायब असते, आरतीचा आवाज चालू असेल तर तो खटका कानाला बरोबर लागतो. कमी क्वालिटीला, म्हणजे १७ एमबीपीएसच्या फुल एचडीला, हेच ४ जीबी अर्ध्या तासाहून जास्त पुरतात, तिथे एवढा त्रास जाणवत नाही.

म्हणून व्हिडिओवाल्यांना एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणला, खास फ्लॅश मेमरीसाठी, ४ जीबीची कटकट नाही, विंडोज आणि मॅक दोघंही वाचतात आणि लिहितात. लिनक्सवाले आधी कुरकुरायचे, पण २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची माहिती खुली केली आणि त्याच वर्षीच्या ५.४ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) सपोर्ट आतच आला. कार्डावर एसडीएचसी लिहिलेलं असेल तर ते ३२ जीबीपर्यंतचं असतं आणि नियमाप्रमाणे फॅट३२ चं, एसडीएक्ससी लिहिलेलं असेल तर ३२ च्या वरचं, २ टीबीपर्यंत, आणि एक्सफॅटचं. तेव्हा कॅमेरा घेताना किंवा जुना वापरताना त्याच्यावर एसडीएक्ससी चालतं असं लिहिलंय का एवढं बघितलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांना मात्र या ४ जीबीचं काही देणंघेणं नाही, एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, काही २५-५० एमबीच्या पुढे फारशी जात नाही, तिथे दोन्ही चालतात. त्यांनी आणि सगळ्याच कॅमेरेवाल्यांनी एक पाळावं, कार्ड कॉम्प्युटरवर नाही तर कॅमेऱ्याच्या मेनूतून फॉरमॅट करावं. कॅमेरा कार्डाची साइज बघून योग्य फॉरमॅट स्वतःच निवडतो आणि त्याला लागणारे फोल्डरही बनवून ठेवतो. कॉम्प्युटरवरच करायची वेळ आली तर एसडी असोसिएशनचं फुकट फॉरमॅटर मिळतं, ते वापरा, ते कार्डाच्या आतल्या रचनेला धरून काम करतं. मॅकवर डिस्क युटिलिटीत करत असाल तर स्कीमच्या जागी मास्टर बूट रेकॉर्ड निवडा, जीयूआयडी राहिलं तर बरेच कॅमेरे ते कार्ड ओळखतच नाहीत.

डॅशकॅमचं उलटं. कसारा घाटातून नेहमी जा-ये करणाऱ्यांनी गाडीत कॅमेरे लावलेत, तो दर एक-तीन-पाच मिनिटांनी नवीन फाइल सुरू करतो, त्यामुळे ४ जीबीपर्यंत गोष्ट सहसा पोचतच नाही, म्हणून काही डॅशकॅम १२८ जीबीचं कार्डसुद्धा स्वतः फॅट३२ मध्ये करून घेतात. करू द्या. त्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा आणि त्यात नाक खुपसू नका. घरच्या वायफाय कॅमेऱ्यांचंही तसंच, ॲपमधून फॉरमॅट करायचं, काहींचं कार्ड मग विंडोजवर वाचता येत नाही, तो बिघाड नसतो.

एक्सफॅट काही सर्वगुणसंपन्न नाही बरं का. एक तर त्यात जर्नल नाही. जर्नल म्हणजे किराणा दुकानदाराची कच्ची वही, आधी तिथे टिपून ठेवायचं काय करणार आहोत, मग खरा व्यवहार, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी वही बघून हिशोब लागतो. एनटीएफएसमध्ये ही वही आहे, एक्सफॅट आणि फॅट३२ दोघांतही नाही. फॅट३२ मध्ये निदान कुठली फाइल कार्डावर कुठे कुठे पसरलीय त्या तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक्सफॅटमध्ये साधारणपणे एकच. म्हणून कॉपी चालू असताना कार्ड खेचलं, किंवा इजेक्ट न करता काढलं, तर एक्सफॅटचं कार्ड बिघडायची भीती जास्त.

दुसरं म्हणजे बारीक फाइली. ६४ जीबीच्या एक्सफॅट कार्डावर विंडोज ठरावीकपणे १२८ केबीचा एक कप्पा करतं, आणि फाइल ४ केबीची असली तरी अख्खा कप्पा अडवते. अशा दहा हजार फाइली ठेवल्या तर खऱ्या ४० एमबी, आणि अडलेली जागा सव्वा जीबीच्या घरात. गाणी, फोटो, व्हिडिओवाल्यांनी याचा विचारच करू नका, अलोकेशन युनिट साइज, म्हणजे या कप्प्याचा आकार, डीफॉल्टवर सोडा. पण कोणी वेबसाइटचा बॅकअप किंवा मशीनचे बारीक लॉग साठवत असेल, अंबड-सातपूरच्या कंपन्यांत असले लोक खूप आहेत, तर तिथे तो आकडा कमी करून फॉरमॅट केलेलं बरं.

मग वही आहे म्हणून एनटीएफएसच करू का, असं कोणीतरी विचारतंच. कार्डासाठी नाही. कॅमेरा वाचत नाही, बरेचसे फोन वाचत नाहीत, मॅक वाचतो पण लिहू देत नाही, आणि त्या वहीत सतत टिपत राहिल्याने कार्डावर लिहिणं वाढतं ते वेगळंच. फक्त विंडोजच्या दोन कॉम्प्युटरमध्येच फिरणार असेल तर करा बापडे.

फोनमध्ये घालणार असाल तर फोनलाच फॉरमॅट करू द्या. तिथे इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरायचं का असा प्रश्न आला तर जपून, अँड्रॉइड ६ पासून ही सोय आली पण हो म्हटलंत की कार्ड कुलूपबंद होतं आणि फक्त त्याच फोनमध्ये उघडतं. फोन बंद पडला की कार्डातले फोटोही गेले. पोर्टेबल निवडा.

रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी वेगळं सांगतो, त्याच्या कार्डावर दोन भाग असतात, बूटचा छोटा भाग फॅटमध्ये आणि बाकी सगळं ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टममध्ये, जी विंडोजला वाचता येत नाही. ते कार्ड विंडोजला लावलं की छोटासा ड्राइव्ह दिसतो आणि दुसऱ्या भागासाठी मेसेज येतो, यू नीड टू फॉरमॅट द डिस्क. कॅन्सल दाबा. ओके दाबून पुढे गेलात तर चालता प्रोजेक्ट पुसला गेला, सबमिशनच्या आदल्या रात्री तर हमखास.

आता प्रत्यक्ष फॉरमॅट करताना. आधी कार्डातलं सगळं दुसरीकडे कॉपी करा आणि कॉपी केलेल्या चार-दोन फाइली उघडून बघा. क्विक फॉरमॅटची टिक रोजच्या कामाला ठेवा, त्यात फक्त यादी पुसली जाते, डेटा तसाच पडून असतो, म्हणून चुकून झालं तर त्या कार्डावर पुढे काहीही न लिहिता फोटोरेक नावाचं, पुसलेल्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं की बरंच परत मिळतं. याच कारणासाठी कार्ड विकायचं किंवा कोणाला द्यायचं असेल तर टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा, वेळ लागतो पण विंडोज सगळं शून्यांनी भरून टाकतं. फॉरमॅट झाल्यावर ६४ जीबीच्या कार्डात ५९.६ दिसलं तर घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, फॉरमॅटने काही खाल्लेलं नाही.

आणि फुटपाथवरून ५१२ जीबीचं कार्ड पाणीपुरीच्या भावात मिळालं असेल तर कोणताही फॉरमॅट करा, ते पूर्ण ५१२ च दाखवणार, कारण त्याला तसंच खोटं बोलायला शिकवलेलं असतं, आणि खरी जागा संपली की पुढचे फोटो हवेत. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३, यांपैकी एक चालवा, ते कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतं. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.