गूगल मॅपवर ‘जिम’ शोधलं की आमची जिम दिसत नव्हती: माझा अनुभव

पुण्यात कर्वेनगरमध्ये आमची छोटी जिम आहे. मॅपवर नाव टाकलं तर दिसायची, नुसतं ‘जिम’ शोधलं की गायब. संध्याकाळी तर ‘बंद आहे’ असं यायचं. पेपरमधून पॅम्प्लेट वाटली, रील्सवर पैसे घातले, तर चौकशा शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या हडपसरहून. चार महिने झोप उडाली होती.

शेवटी जमलं ते असं, याच क्रमाने. आधी गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये (मॅपवर दिसणारी आपल्या व्यवसायाची माहिती इथे भरतात) ‘एडिट प्रोफाइल’ उघडून मुख्य कॅटेगरी पाहिली. तिथे ‘पर्सनल ट्रेनर’ होतं! ते बदलून ‘जिम’ केलं, ट्रेनर दुय्यममध्ये टाकलं. खरी गोम इथेच होती. मग मॅपवर जागा दाखवणारी पिन मागच्या बोळातून उचलून गेटवर ठेवली. वेळ दोन भागांत भरली: सकाळी ५.३० ते ११, संध्याकाळी ४.३० ते १०. कुणीतरी टाकलेली आमचीच दुसरी नोंद ‘सजेस्ट अ‍ॅन एडिट’मधून डुप्लिकेट म्हणून कळवली. गूगल बदल तपासतं, मगच ते मॅपवर दिसतात. तोवर पुन्हा हात लावू नका.

नंतर रोज व्यायाम संपवून निघणाऱ्या दोघा-तिघांना क्यूआर दाखवून रिव्ह्यू मागितले. त्याबदल्यात फीमध्ये सूट देऊ नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही. तिसऱ्या आठवड्यात डहाणूकर कॉलनीतून एक काकू आल्या. म्हणाल्या, “मॅपवर जिम टाकलं, तुमचीच आधी आली.”