निवृत्तीचे पैसे: ॲन्युइटी घेताना आणि न घेताना या चुका टाळा

शेजारचे काका चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झाले, हातात 50 लाख आले. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते ॲन्युइटीचा (विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि आयुष्यभर पेन्शन घ्यायची, त्या योजनेचा) कागद घेऊन आमच्याकडे आले. कागदावर एका आकड्याभोवती लाल पेनने दोनदा गोल काढलेला. "आठ टक्के, तेही मरेपर्यंत! एफडीला साडेसहा मिळतात. घेऊन टाकू ना?"

आकड्याच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरांत होतं: मृत्यूनंतर काहीही देय नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. एफडीचं व्याज खाल्लं तरी मुद्दल शाबूत असतं. या प्रकारच्या ॲन्युइटीत मात्र तुमचंच मुद्दल व्याजासकट थोडं थोडं परत येत असतं, त्यामुळे तो आठ आणि एफडीचा साडेसहा एका तराजूत घालताच येत नाहीत. तुलना करायचीच तर मुद्दल परतीच्या पर्यायाशी करा, ज्यात मृत्यूनंतर मुद्दल वारसांना मिळतं. काकांच्या कागदावर त्याचा दर साडेसहाच्याच आसपास होता.

मग घ्यायची कशाला? दर आयुष्यभरासाठी बांधला जातो म्हणून. एफडी दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या दिवशी जो दर असेल तो मुकाट्याने घ्यावा लागतो. फेब्रुवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) उतरवायला घेतला आणि एफडीचे दरही घसरले, तेव्हा व्याजावर जगणाऱ्यांना ते कळलंच. ॲन्युइटी म्हणजे जास्त जगण्याचा विमा. आपल्याकडे तिला जुना शब्द आहे, वर्षासन.

पण "मुलांना 50 लाख परत मिळतील" या आनंदातही राहू नका. महागाई 6 टक्के धरली तर 25 वर्षांनंतरचे 50 लाख म्हणजे आजचे बारा लाखही नव्हेत. तीच महागाई पेन्शनलाही खाते: 50 लाखांवर साडेसहाने महिन्याला मिळणाऱ्या आजच्या 27 हजारांत जे येतं, त्याच्या निम्मंच बारा वर्षांनी येईल. दरवर्षी 3 टक्के वाढणारी पेन्शन मिळते, मात्र सुरुवात बरीच कमी रकमेपासून होते.

आणि कृपा करून फक्त स्वतःच्या नावाची ॲन्युइटी घेऊ नका. बायको हयात असेपर्यंत चालणारी, संयुक्त घ्या. दर किंचित कमी पडतो, पडू दे.

स्वतः सांभाळणाऱ्यांच्या चुका

"म्युच्युअल फंडात 12 टक्के मिळतात, महिन्याला ठरावीक रक्कम काढत राहू" हे वाक्य मी दर रविवारी ऐकतो. सरासरी बारा असेलही, पण पहिली दोन वर्षं वाईट निघाली तर? 2008 च्या जानेवारीत सेन्सेक्स 21 हजारांच्या आसपास होता, त्याच ऑक्टोबरात 9 हजारांच्याही खाली गेला. समजा 50 लाखांतून वर्षाला 3 लाख काढताय आणि पहिल्याच वर्षी 40 टक्के घसरण झाली. तीन लाख काढल्यावर उरले 27 लाख. पुन्हा 50 वर यायला 85 टक्के वाढ हवी, आणि तुमचं काढणं तर चालूच. म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च शेअर बाजाराबाहेर ठेवा.

दुसरी चूक खास पुणेरी: अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी एकाच सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत. रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये परवानाच रद्द झाला. बँकेतल्या ठेवींना 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही.

करही बघा. ॲन्युइटीची पेन्शन पूर्ण उत्पन्नात धरली जाते. फंडातून पैसे काढले तर फक्त नफ्याच्या भागावर कर लागतो.

काकांनी काय केलं

आधी वही काढली. किराणा, औषधं, मेंटेनन्स, वीज असा न टळणारा खर्च महिन्याला 30 हजार निघाला. ईपीएफची पेन्शन साधारण 5 हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल 30 लाख ठेवता येतात, ते ठेवले, 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500. उरलेल्या खड्ड्यासाठी 8 लाखांची संयुक्त, मुद्दल परतीची ॲन्युइटी: महिन्याला 4,300. बाकीचे 12 लाख एफडी आणि फंडात. बचत योजना पाच वर्षांची आहे. ती संपेल तेव्हा दर पडले असतील तर आणखी थोडी ॲन्युइटी घेता येईल, आणि वय वाढलं की तिचा दरही जास्त मिळतो.

घाईत चुकीची पॉलिसी घेऊन बसला असाल तर कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

पेन्शन अचानक थांबली तर आधी हयातीचा दाखला तपासा. माझ्या आईचा अंगठा ऐंशीनंतर यंत्रावर उमटेचना, आणि तीन महिने पैसे अडकले. आता फोनवर चेहरा दाखवून दाखला देता येतो. तो देण्याची तारीख काकूंनी आतापासूनच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीय, त्याच लाल पेनने.