आठवीनंतर हायस्कूल बदलताना: नववीच्या वर्गशिक्षिकेचं सांगणं

नागपुरात महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि कितीतरी खासगी शाळा आठवीपर्यंतच असतात. काही तर सातवीलाच संपतात. मग घरात हायस्कूलची शोधाशोध सुरू होते. मी दक्षिण नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवते आणि नववीचा वर्ग सांभाळते. बाहेरून आलेली पोरं दरवर्षी माझ्याच वर्गात येऊन बसतात, म्हणून लिहिते आहे. उन्हाळ्यात पालकांची सगळी धावपळ नावाजलेली शाळा आणि चांगली ट्यूशन यासाठी चाललेली असते. पोरं मात्र अडतात ती सातवी-आठवीतल्या कच्च्या राहिलेल्या गोष्टींवर, दाखल्यावरच्या चुकीच्या नावावर आणि घर ते शाळा या रस्त्यावर. या तिन्ही गोष्टी एप्रिल ते जूनच्या दरम्यान घरच्या घरी निपटता येतात.

आधी पैशांचं बोलू, कारण त्याचा धक्का सगळ्यांत आधी बसतो. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत आहे. या कायद्याच्या (आरटीईच्या) पंचवीस टक्के राखीव जागांतून खासगी विनाअनुदानित शाळेत मोफत शिकलेल्या मुलाला त्याच शाळेत नववीला पूर्ण फी भरावी लागते. शाळेतलं जेवण आठवीपर्यंत, सरकारकडून मिळणारी पुस्तकं आणि गणवेशही आठवीपर्यंतच. हे पुष्कळ घरांना मे महिन्यात शाळेचा निरोप आल्यावर कळतं आणि तोवर अनुदानित शाळांमधल्या जागा भरत आलेल्या असतात. त्या शाळांत खर्च फारसा नसतो, पण स्वतःच्या आठवीतली मुलं आधी घेतली जातात, बाहेरच्यांना उरलेल्या जागा. सोमलवार, हडस ही नावं सगळ्यांच्याच तोंडी असतात. तिथे जरूर विचारा, पण घराजवळच्या दोन शाळांतही एप्रिलमध्येच जाऊन या. पुस्तकांचं म्हणाल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवता येतात. सुट्टीत चाळायला तेवढी पुरतात.

मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीला असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न आणि विज्ञान, समाजशास्त्र, गणित मिळून ९० प्रश्न असतात. एक गोष्ट मात्र पालकांना कोणी सांगत नाही. शिष्यवृत्ती लागलेलं पोर नववीत विनाअनुदानित शाळेत टाकलं की ती बंद होते. शिवाय नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी तो नव्याने भरायचा असतो. शाळा आठवण देईल या भरवशावर राहू नका, कारण तुमचं पोर त्या शाळेत नवीन आहे आणि त्याची शिष्यवृत्ती लागलीय हे ऑफिसला माहीतच नसतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी नववी-दहावीत मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती वेगळी आहे. दोन्हींसाठी मुलाच्याच नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. ते मे महिन्यात उघडून ठेवा. जुलैत सगळेच रांगेत असतात.

आता दाखला. ज्याला आपण टीसी म्हणतो तो शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. घरी नेऊन नको. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मस्थळ, जात. आधार कार्ड आणि जन्मदाखला शेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहा. वेलांटी पहिली की दुसरी, ‘राव’ लागला की नाही, हेही. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं. शिष्यवृत्तीचा अर्ज तेवढ्यावरच परत आला. आठवीच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जे लिहिलंय तेच पुढे नववीत, बोर्डाच्या फॉर्मवर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर उतरतं. पोर त्या शाळेत शिकत असतं तोवर दुरुस्ती अर्ज आणि पुरावा देऊन होते. एकदा शाळा सुटली, आणि त्याहून पुढे बोर्डाचं प्रमाणपत्र छापून आलं, की तेच काम शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या खेट्यांवर जातं. जातीच्या रकान्याकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा, कारण पुढे जात पडताळणीला हाच कागद मागतात. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो आणि परत मिळत नाही, म्हणून त्याआधी दोन-तीन झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना, आणि छिंदवाडा-शिवनीकडून नागपुरात येणारे बरेच असतात, दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. गाव सोडण्याआधी ती घ्या.

अभ्यासाचं सांगायला मला जास्त वेळ लागणार, तिथेच तर पोरं घसरतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी नव्या-जुन्या सगळ्यांना फळ्यावर दहा उदाहरणं देते. नववीतलं एकही नसतं. तीन चतुर्थांश अधिक दोन तृतीयांश, उणे सातातून उणे तीन वजा, एका चलातलं साधं समीकरण, असलं. आठवीत ‘अ-एक’ श्रेणी घेऊन आलेलं एखादं पोर शांतपणे पाच सप्तमांश लिहून मोकळं होतं. वरचे दोन अंक मिळवले, खालचे दोन मिळवले, झालं. उत्तर एकाच्याही आत आलं, आणि आपण तर पाऊण आणि अर्ध्याहून जास्त असं मिळवलंय, हे त्याच्या डोक्यात येत नाही. त्याच पोराला दोन महिन्यांनी बहुपदींचे अवयव पाडायचे असतात. आठवीपर्यंत गणिताचं एकच पुस्तक असतं, नववीत दोन होतात. भाग एकमध्ये संच, वास्तव संख्या, बहुपदी येतात. भाग दोनमध्ये भूमिती, आणि तिच्यात पहिल्यांदा सिद्धता लिहायची वेळ येते. पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी. ज्यांना अपूर्णांकच झेपत नाहीत त्यांना यातलं काहीच झेपत नाही, मग ते पाठ करतात.

म्हणून सुट्टीत दहावीचं आगाऊ शिकवणाऱ्या क्लासला पैसे घालू नका. हे माझं स्पष्ट मत आहे आणि ट्यूशनवाल्यांना ते आवडत नाही. सातवी आणि आठवीची गणिताची पुस्तकं काढा, प्रत्येक सरावसंचातली पहिली दोन उदाहरणं सोडवायला लावा. जिथे अडलं तेवढाच धडा पुन्हा करा. पाढे तीसपर्यंत. दिवसाला तासभर पुरे. मे महिन्यात कूलरसमोर बसून त्याहून जास्त कोणी करतही नाही. आपल्याकडे उन्हामुळे शाळा बाकीच्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तो जास्तीचा वेळ ह्यालाच वापरा.

दुसरी अडचण लिहिण्याच्या वेगाची. आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीत, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांचे गुण असतात. नववीपासून दहावीसारखाच साचा लागतो: ८० लेखी, २० अंतर्गत. भाषेचा पेपर तीन तासांचा, गणिताचे दोन्ही पेपर ४०-४० गुणांचे आणि दोन-दोन तासांचे. पोराला येत असतं, पण पेपर अर्धा राहतो. घरी घड्याळ लावून मराठीचा एखादा उतारा आणि निबंध सलग लिहायला लावा. पहिल्या दिवशी हात दुखतो म्हणेल. दुखू द्या.

त्यातून मग पहिल्या घटक चाचणीनंतर पालक येतात. ‘मॅडम, आठवीत तर अ-एक होता, आता काहून पस्तीसवर आला?’ पोर बिघडलेलं नसतं. श्रेणीच्या मागे लपलेलं कच्चेपण टक्केवारीत दिसायला लागतं, एवढंच. आठवीतही आता परीक्षा आहे म्हणा. २०२३ च्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, त्यात नाही निघालं तर पुन्हा एक संधी, तरीही नाही तर त्याच वर्गात. तरी नववीची गोष्ट वेगळीच पडते.

भाषेचा पर्याय प्रवेशाच्या दिवशीच विचारतात आणि पालक तिथल्या तिथे उत्तर देऊन टाकतात. संपूर्ण संस्कृत १०० गुणांचं, किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त ५०-५०, किंवा संपूर्ण हिंदी. ‘संस्कृतात पैकीच्या पैकी मिळतात’ हे ऐकून संपूर्ण संस्कृत घेणारे बरेच. संस्कृत आठवीत सुरू होतं. आठवीत जे घेतलं नाही ते नववीत मधूनच पकडणं फार कमी पोरांना जमतं. राम, वन, माला यांची रूपं इतरांची झालेली असतात आणि सर थेट धड्यावर येतात. आठवीत जे होतं तेच ठेवा. नव्या शाळेत तो पर्याय आहे का, हे शाळा निवडतानाच विचारून घ्या.

रस्त्याबद्दल थोडं. आठवीची शाळा गल्लीच्या टोकाला होती, हायस्कूल मात्र हुडकेश्वरवरून रामदासपेठेत. म्हणजे मानेवाडा, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक, आणि पुढे. शाळा उघडायच्या आधी, शाळेच्याच वेळेला, पोराला ‘आपली बस’ या शहर बसने एकदा नेऊन आणा, दुसऱ्यांदा त्याला पुढे चालू द्या आणि तुम्ही मागे राहा. बस चुकली तर पुढची कुठून, फोन नसेल तर कोणाच्या दुकानातून करायचा, हे तेव्हाच ठरतं. शाळेत मोबाइल आणू देत नाहीत, म्हणून आई-बाबांचे नंबर पाठ हवेत. पोरांना हल्ली स्वतःच्या घरचा नंबरही पाठ नसतो! जुलै-ऑगस्टच्या पावसात सखल रस्ते तुंबतात, डिसेंबरात अधिवेशनाच्या काळात विधानभवन आणि सीताबर्डीकडचे रस्ते मोर्च्यांमुळे वळवतात. त्या दिवसांत अर्धा तास आधी निघायचं. हिंगणा, उमरेड, कुहीकडून येणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. त्याचा अर्ज शाळेच्या सहीनिशीच भरायचा असतो.

पहिल्या पंधरवड्यात पोर घरी येऊन गप्प बसेल, किंवा कोणी बोलत नाही म्हणेल. बाकी सगळे पाचवीपासूनचे एकत्र असतात, त्यांची बाकं ठरलेली असतात. महापालिकेच्या शाळेतून आलेल्या पोरांना आपल्या बोलण्याची लाज वाटते, कोणी ‘करून राह्यला’ म्हटलं की हसतं. आम्ही शिक्षकही घरी तसंच बोलतो हे त्यांना माहीत नसतं. साधारण तान्हा पोळा-गणपतीपर्यंत डबा वाटून खायला कोणीतरी सापडतं. तोवर रोज ‘मित्र झाले का?’ विचारू नका. मुलींच्या आयांनी मात्र प्रवेशाच्या वेळीच मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन पाहावं. पाणी आहे का, कडी लागते का. लाजू नका, विचारलेलं कोणाला वाईट वाटत नाही. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात, त्याचं कारण बहुतेकदा तिथेच असतं.

आठवीपर्यंत एकच बाई बहुतेक विषय शिकवायच्या, वहीत काय राहिलं ते त्यांना ठाऊक असायचं. इथे दिवसाला आठ तासिका आणि प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. वेळापत्रक पोरालाच उतरवू द्या आणि दप्तरही रात्री त्यालाच भरू द्या. एखाद्या दिवशी भूमितीची वही विसरेल आणि मी त्याला उभं करीन. पुढच्या वेळी ती दप्तरात असते. आईने धावत वही आणून गेटवर दिली की मात्र पुढच्या आठवड्यात कंपासपेटी राहते.

पहिल्या घटक चाचणीची उत्तरपत्रिका गुणांपेक्षा चुकांसाठी बघा. कुठे येत नव्हतं, कुठे वेळ संपला, कुठे प्रश्नच चुकीचा वाचला, या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. शाळा ती घरी देत नसेल तर पालकसभेच्या दिवशी वर्गात बसून पाहता येते. भेटायला मधल्या सुट्टीनंतर या आणि पोराला सोबत आणा. प्रार्थनेच्या वेळी गेटवर गाठलं तर माझ्या हातात हजेरीपट असतो आणि तुमच्या पोराचा पेपर स्टाफरूमच्या कपाटात.