पहिला बावटा लागताच: कोकण किनाऱ्यावर चक्रीवादळाची तयारी कशी करावी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड या पट्ट्यातील असंख्य घरांची छपरे उडाली आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पावसाळी वाऱ्याची सवय असलेल्या आमच्या घरानेही तेव्हा आकाशाकडे बघून अंदाज बांधण्याची चूक केली होती. आदल्या संध्याकाळी वारा साधाच वाटला म्हणून छपराचे काम सकाळवर ढकलले, आणि सकाळी शिडी भिंतीला टेकवून उभी करणेही अशक्य झाले. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की तयारी आकाश पाहून नव्हे, तर हवामान खात्याच्या सूचनांच्या क्रमाने करावी.

हा क्रम साधा आहे. किनाऱ्याला धोका संभवत असेल तर साधारण ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी वादळ कोठे धडकेल हे सांगणारा नारिंगी इशारा आणि १२ तास आधी, किनारा ओलांडल्यावर ते आत कोणीकडे सरकेल याचा लाल इशारा दिला जातो. बंदरावर होड्या-जहाजांना सावध करण्यासाठी बावटा, म्हणजे धोक्याची खूण, लावतात; तीन नंबरचा बावटा लागला की जोराचा वारा येण्याची शक्यता समजावी. आठ, नऊ आणि दहा नंबरचे बावटे मोठ्या संकटाचे असतात. छपरावरची व वाडीतली सर्व कामे पिवळ्या इशाऱ्यात संपवावीत, नारिंगी इशाऱ्यात घर सोडण्याचा निर्णय अमलात आणावा आणि लाल इशाऱ्यानंतर कोणीही उंबरठ्याबाहेर कामासाठी जाऊ नये. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आपले वादळांचे दोन हंगाम. जूनमध्ये मासेमारी बंद असल्याने होड्या किनाऱ्यावर असतात, परंतु नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आले तेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता. म्हणून त्या महिन्यांत नाखव्याने पहिल्याच सूचनेला जवळच्या खाडीत शिरावे. जाळी समुद्रात राहिली तर राहू द्यावीत.

सर्वांत मोठा निर्णय पाण्याविषयीचा आहे. चक्रीवादळांत सर्वाधिक माणसे वाऱ्याने नव्हे, तर वाऱ्याने किनाऱ्यावर लोटलेल्या समुद्राने मेली आहेत. १९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या सखल किनाऱ्यावर तीन लाखांहून अधिक माणसे गेली, ती प्रामुख्याने पाण्यात. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार मृत्यू झाले, पण २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवल्यामुळे मृतांचा आकडा काही दहांवर थांबला. आपल्याकडेही मुंबईसमोरचा समुद्र खूप दूरवर उथळ आहे, आणि उथळ समुद्रात लोटलेले पाणी अधिक चढते. अलिबाग-पेणचा सखल खारेपाट, उरण, वसई आणि प्रत्येक खाडीच्या मुखावरचा कोळीवाडा याच धोक्यात येतो. खारभूमीचा बांध रोजच्या भरतीसाठी घातलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नये.

पाणी किती चढेल हे भरतीच्या वेळेवरही अवलंबून असते, आणि हा हिशेब कोकणात घराघरात ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. निसर्ग आले तो दिवस ज्येष्ठ शुद्ध द्वादशीचा होता. भरती सकाळीच येऊन गेली होती आणि वादळ दुपारी, ओहोटी लागल्यावर आले. तेच वादळ दोन दिवसांनी पौर्णिमेच्या उधाणात भर दुपारी आले असते, तर खाडीकाठची कहाणी वेगळी असती. पिवळा इशारा आला की पंचांग उघडून ही वेळ भिंतीवर खडूने लिहून ठेवावी. वादळ भरतीच्या आसपास येणार असेल आणि घर खाडीच्या किंवा पुळणीच्या पातळीला असेल, तर घर कितीही पक्के असले तरी वरच्या वाडीतल्या शाळेत किंवा नातेवाइकांकडे जावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. वादळाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे समुद्राकडून ईशान्येस येणाऱ्या वादळाच्या दक्षिणेकडील गावांना वारा थेट समुद्रावरून बसतो. ‘केंद्र अलिबागला आहे’ असे ऐकून हरिहरेश्वर किंवा हर्णैने निश्चिंत होऊ नये.

घर उंचावर असेल तर छपराकडे वळावे. वारा छपराला वरून दाबत नाही, तो वर उचलतो, आणि सुरुवात पागोळीच्या कडेपासून व आढ्यापासून होते. हुकाभोवतीचा पत्रा गंजलेला असेल तर तो भोकातून फाटून सुटतो; हुक तसाच वाशाला लोंबत राहतो, हे मी वादळानंतर हाताने चाचपून पाहिले आहे. म्हणून मे महिन्यातच कडेच्या ओळींचे हुक व वायसर बदलावेत आणि तेथे ते दाट लावावेत. वेळ उरली नसेल तर वाळूच्या दोन-दोन पिशव्या एकाच दोराने जोडून आढ्यावरून दोन्ही उतारांवर सोडाव्यात. सुट्या पिशव्या आणि सुटे दगड ठेवू नयेत. तेच खाली येतात. घरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुक्या झावळ्या पाडेकऱ्याकडून आधीच उतरवून घ्याव्यात. वादळात माळ्याखालचे माजघर किंवा स्लॅबची आतली खोली गाठावी, मात्र तिच्यावर मोठे झाड कोसळू शकेल अशी असू नये. मध्येच वारा अचानक थांबला तर वादळाचा डोळा डोक्यावर आला असण्याची शक्यता आहे. थोड्या वेळाने तितकाच जोराचा वारा उलट दिशेने येतो. तेवढ्यात गुरे पाहायला बाहेर जाण्याचा मोह टाळावा. गुरे आधीच दावणीतून मोकळी करून ठेवावीत.

निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि पंप असलेल्या विहिरीवर पोहरा नसल्याने पाणी डोळ्यांसमोर असून काढता येत नव्हते. दोर, पोहरा आणि कप्पी जागच्या जागी आहेत का, हे आजच पाहावे. समुद्राचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी उपसा व तपासणी झाल्याशिवाय पिऊ नये. जनरेटर बंद खोलीत किंवा पडवीत चालवू नये, त्याचा धूर नकळत माणूस मारतो. लोंबणाऱ्या तारेला वायरमन सांगेपर्यंत कोणी हात लावू नये. दुसऱ्या झाडावर तोललेला माड किंवा वाकलेले खोड ताणाखाली असते आणि करवत लागताच उसळते. ते काम जाणत्यावर सोडावे. चिखलात उतरताना पायांत गमबूट असावेत, आणि जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस या दूषित चिखल-पाण्यातून जडणाऱ्या तापाच्या गोळ्यांबाबत आरोग्य केंद्रात विचारावे. पडलेली झाडे व छपर हलवण्यापूर्वी फोटो काढावेत, कारण पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत वाडी साफ झालेली असते.

कोकणातल्या कित्येक घरांत आज म्हातारा-म्हातारीच राहतात आणि मुले मुंबईला असतात. वादळानंतर फोन लागत नाही, कधी कधी आठ-आठ दिवस. त्यामुळे चाकरमान्यांनी पिवळा इशारा कळताच गावी फोन करावा, आईवडील कोणाच्या घरी जाणार आणि त्यांना कोण घेऊन जाणार हे शेजाऱ्याशी नावानिशी ठरवावे, त्यांची महिन्याची औषधे घरात आहेत का हे विचारावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीचा ११२ आणि समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक ठळक अक्षरांत कागदावर लिहून देवघराशेजारी लावायला सांगावे.